अकरावं ताट

बायनाबाईला कुणी स्वयंपाकीण म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. स्वयंपाक काय, जाळ लावता आला की कुणीही करतं. तिचं काम अंदाजाचं. सिंदेवाहीच्या आसपासच्या दहा-बारा गावांत लग्न असो, तेरवी असो की चौदा एप्रिलचं भोजनदान, तांदूळ किती पायली टाकायचे ते बायनाबाई सांगणार आणि मोठी पळी तिच्याच हातात राहणार, हे तीस वर्षांपासून ठरलेलं होतं. शेवटची पंगत उठली की ती भाताचा गंज आडवा करून चारचौघांना आतून दाखवायची. गंजात एक शीत नाही आणि मांडवात एक माणूस उपाशी नाही. मग ती घरी जायची आणि सकाळची भाकर चटणीशी खायची. ते मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि तिलाही त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

अंदाजाचे तिचे नियम होते. पाहुणे उतरायला लागले की ती चूल सोडून मांडवाच्या तोंडाशी उभी राहायची आणि लोकांचे चेहरे नाही, पाय बघायची. "पायाले धूळ असन तर दीड पान धराचं. गाडीतून उतरला तर पाऊण. नवरदेवाचे दोस्त पहिल्या पंगतीत लाजतेत आन शेवटच्या पंगतीत चोरून पुन्हा बसतेत, त्याईचे दोन." तेरवीत मोठ्याने रडणारा जास्त जेवतो, हा शोधही तिचाच. आणि सगळ्यांत वरचा नियम तिने सून नंदिनीकडून घोकून घेतला होता: "जे बाई म्हणते ना, मले भूकच नाई, तिचे दोन पानं धराचे. डोये मिटून!"

यंदा मार्चमध्ये बचत गटाच्या दहा जणींनी नागपूरकडच्या एका थीम पार्कला जायचं काढलं. पाण्याच्या घसरगुंड्या, पाळणे, लाटांचा तलाव, सगळं एकाच आवारात. नंदिनी गटाची सचिव, म्हणून तिकिटं तिच्या फोनवरून. तिकिटांची बटणं दाबता दाबता मध्येच एक चौकट उघडली. आगाऊ पैसे भरा, जेवणाचा प्लॅन घ्या, हाताला पट्टा बांधा आणि दुपारी पाहिजे तितकी ताटं खा. घ्यायचा तर सगळ्या गटाने, नाहीतर कुणीच नाही. बाहेरचा डबा आत चालणार नाही. प्लॅन न घेता काउंटरवर गेलं तर एका ताटाला एका माणसाच्या प्लॅनएवढेच पैसे.

"इडली सांबार पोटभर, असं लिवलं हाय," नंदिनीने वाचलं.

"सांबार पोटभर? बकऱ्या होय का आपुन!" गुणाबाई म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. गुणाबाईला इडलीबरोबरचं सांबार चांगलं माहीत होतं, पण हाती आलेला विनोद सोडणारी बाई नव्हे ती.

गुणाबाई गटाची अध्यक्ष आणि अंगणवाडीची मदतनीस. अंगणवाडीत सगळं ग्रॅममध्ये चालतं, त्यामुळे तिचं म्हणणं असं की अंदाज म्हणजे मागासलेपणा. माणशी इतके ग्रॅम धरा, गुणाकार करा, संपलं. गेली पाच वर्षं तिचा डोळा चौदा एप्रिलच्या पळीवर होता. तिने लगेच जाहीर केलं, "प्लॅन घ्या. दहा बाया, पाण्यात खेळून येतीन, दहा ताटाईच्या वर जातीनच."

बायनाबाईने नंदिनीच्या हातून फोन घेतला. ताटाचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, भाताच्या ढिगाशेजारचा चमचा न्याहाळला, पुरीची गोलाई बघितली. मग बाकीच्या नऊ जणींवरून सावकाश नजर फिरवली. "गुणा, तुह्या दाढा गेल्या, तू अर्धं. आपली चंचल पाळण्यात बसन आन ओकन, तिचंबी अर्धं. बाकीच्या सात जणी सहा ताटं वाटून खातीन. झाले सात. प्लॅन नोको."

"आन तू?"

"माहं धरू नोका. मले भूकच नाई लागत अशा ठिकाणी."

नंदिनीने मान वर करून सासूकडे पाहिलं, पण तिच्या बोलायच्या आत गुणाबाईने पैज लावली. "दहापर्यंत ठीक. अकरावं ताट लागलं, तर जयंतीची पळी माही."

"आन नाई लागलं तर तू जन्मभर माह्या अंदाजाले नावं ठेवाची नाई," बायनाबाई म्हणाली. सगळ्यांच्या साक्षीने टाळी झाली आणि नंदिनीने प्लॅन न घेताच तिकिटं काढली.

पार्कात शिरताना बायनाबाई निर्धास्त होती. एका बाकावर बसायचं, सगळ्यांच्या चपला राखायच्या आणि दुपारी ताटं मोजायची, असा तिचा बेत होता. पण पाण्याजवळ साडी चालत नाही, भाड्याचे कपडे घाला, असं तिथल्या पोरीने बजावलं. साठीला टेकलेली बायनाबाई काळी तुमान आणि बदकाचं चित्र असलेला पिवळा सदरा घालून बाहेर आली, तेव्हा गुणाबाई हसून हसून खाली बसली. तिच्या स्वतःच्या सदऱ्यावर हत्ती होता, हे तिच्या लक्षात नव्हतं. बायनाबाई रागाने तडक निघाली आणि समोर जो पहिला जिना दिसला तो चढली. वर गेल्यावर कळलं की हा घसरगुंडीचा जिना आहे आणि मागे तीस माणसं उभी आहेत.

खाली पाण्यात धपकन पडली तेव्हा तिची किंकाळी सिंदेवाहीपर्यंत गेली असेल. वर आली, तोंडावरचं पाणी पुसलं, कुणी पाहत नाही ना ते बघितलं आणि पुन्हा जिना चढली. मग पुन्हा. आठ वेळा. नववी खेप होणार होती, तेवढ्यात नंदिनी बोलवायला आली.

जेवणाच्या काउंटरवर तिचा अंदाज तंतोतंत खरा ठरत गेला. गुणाबाईने अर्ध्या ताटात हात धुतला. चंचल पाळण्यावरून हिरवीपिवळी होऊन उतरली आणि तिने नुसता भात चिवडला. सात जणींनी सहा ताटं पुसून खाल्ली. सात म्हणजे सात! बायनाबाई ओले केस पिळत उभी होती आणि गर्वाने तिची मान ताठ झाली होती.

आणि मग तिच्या पोटात काहीतरी झालं. प्रथम तिला वाटलं, पाणी गेलं असेल पोटात. पण ती भूक होती. चुलीच्या धुरात तीस वर्षं उभं राहून तिची भूक वासानेच मरून जायची. इथे ना धूर, ना जाळ, ना कुणाला वाढायचं. भूक अशी सणकून आली की ती सरळ काउंटरकडे वळली.

"एकच घेतो," ती नंदिनीला म्हणाली. हे आठवं ताट. छोले तिखट कमी, भात थोडा बोटचेपा, दोन्ही चुका तिने मोठ्याने सांगितल्या आणि ताट साफ केलं. नववं घेतलं ते त्या चुका पुन्हा तपासायला. दहावं तिने सरळ हात पुढे करून घेतलं. तोवर नऊही जणी तिच्याभोवती गोळा झाल्या होत्या. गुणाबाई बोटांवर ताटं मोजत होती.

दहावं ताट संपलं. बायनाबाईने बोटं चाटली. उठलं की पैज जिंकलेली. पळी तिची, नाव तिचं. ती उठलीही. तेवढ्यात काउंटरमागच्या कढईवरच्या माणसाने हाक मारली, "थांबा ना बाई! गरम पुरी निघून राह्यली. बसा, आणतो."

बायनाबाई जागीच थबकली. हे वाक्य तिने हजारो माणसांना ऐकवलं होतं. उठणाऱ्याचा खांदा दाबून, ताटावर झाकलेला हात बाजूला सारून ऐकवलं होतं. पण तिला स्वतःला ते कुणी कधी म्हटलेलं आठवेना. लग्नात नाही, तेरवीत नाही, स्वतःच्या पोराच्या लग्नातसुद्धा नाही, कारण तेव्हाही पळी तिच्याच हातात होती. तिचे डोळे भरून आले आणि तिला त्या पिवळ्या बदकाच्या सदऱ्याची भयंकर लाज वाटली.

"अवं बायना, अकरावं होईन," गुणाबाईने आठवण दिली. आवाजात खोट नव्हती. खरंच सावध करत होती ती.

"होऊ दे," बायनाबाई म्हणाली आणि बसली.

परतीच्या गाडीत कुणी तिला चिडवायचं बाकी ठेवलं नाही. ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. नंदिनी शेजारी सरकून हळूच म्हणाली, "आई, नियम तुमचाच होता. भूक नाई म्हणणारीचे दोन पानं. तुमी सोताले धरलंच नाई."

"कधीच नाई धरलं," बायनाबाई म्हणाली. "म्हणून तर गंज रिकामा राहे."

चौदा एप्रिलला विहारासमोरच्या मांडवात पळी गुणाबाईच्या हातात होती. तिने ग्रॅमचा कागद कंबरेला खोचला होता, पण तांदूळ टाकताना चोरून लोकांचे पाय बघत होती. बायनाबाईला तिने दंडाला धरून पहिल्याच पंगतीत नेऊन बसवलं. बायनाबाईला हातांचं काय करावं ते सुचेना. तिने पत्रावळ दोनदा सरळ केली, शेजारच्या पोराचा पाण्याचा पेला हलवला.

गुणाबाई भात घेऊन समोर आली.

सवयीने बायनाबाईचा हात पत्रावळीवर गेला. "थोडासाच वाढ. मले भूक नाई."

मागे भाजीची बादली घेऊन नंदिनी उभी होती. तिने दोन बोटं वर केली. गुणाबाईने बायनाबाईचा हात बाजूला सारला आणि एकावर एक दोन भरगच्च पळ्या वाढल्या.

बायनाबाईने ढिगाकडे पाहिलं आणि वरण मागितलं.