अज्जांचा होकार

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

मी जतची. घरी कन्नड, शाळा मराठीत. आता सांगलीत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वॉर्डात कुणी कन्नड बोलणारं आलं की सगळे मलाच हाक मारतात.

आज सीमेपलीकडचे, कर्नाटकातले एक अज्जा, म्हणजे आजोबा होते. साखरेच्या आजारानं पायाची दोन बोटं काळी पडलेली. डॉक्टर म्हणाले, "सांग त्यांना, बोटं काढावी लागतील, नाहीतर पाय जाईल."

मी कन्नडमध्ये नीट सांगितलं. अज्जांनी माझा हातच धरला. "यव्वा, बाई गं, तू आपली पोर. माझ्या जागी तुझा बाप असता तर काय केलं असतंस? तू म्हणशील तसं."

तेवढ्यात डॉक्टर, "काय म्हणतायत?"

"हो म्हणतायत," मी बोलून गेले. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. अज्जा माझ्या उत्तराची वाट बघत तसेच बसलेले.

उद्या सकाळी ऑपरेशन. बोटं काढायलाच हवीत, ते मलाही कळतंय. पण अज्जा हो म्हणालेच नव्हते, आणि हे फक्त मला माहीत आहे.

परत वॉर्डात निघालेय. त्यांनी पुन्हा तेच विचारलं तर काय सांगू?