तक्तेकाकांचा पाच गुणांचा प्रश्न

तक्तेकाका तक्ता काढल्याशिवाय साधा झाडूसुद्धा घेत नसत. स्टुटगार्टमधल्या आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने फिरायची. पहिल्याच पाळीला त्यांनी तीन झाडूंची तुलना कागदावर मांडून आईला दाखवली होती. खरं आडनाव वेगळंच, पण मी ठेवलेलं नाव आमच्या घरात टिकलं. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत ते काँट्रॅक्टवर होते. बायको पुण्यात शाळेत शिकवायची, मुलगाही तिच्याजवळच. काका आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहायचे.

बारावीच्या वर्षी मी घरात बॉम्ब टाकला. मला इंजिनिअरिंग नको होतं. गणित आणि इतिहास, दोन्ही हवं होतं. त्यासाठी अमेरिकेतली छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं मी शोधून ठेवली होती. बाबा म्हणाले, "नावं तरी ऐकलीयेत का कुणी यांची? पंधराशे पोरांचं कॉलेज! भारतातल्या आपल्या सोसायटीत याहून जास्त माणसं होती." शेवटी तडजोड म्हणून मला खाली काकांकडे पाठवण्यात आलं.

"आल्झो, आधी निकष सांग, मग भांडू," काका म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य, सुरुवातीच्या जर्मन 'तर मग'सकट. डाव्या बाजूला निकष, वर सहा कॉलेजं, आणि कुठल्या निकषाला किती वजन ते कंसात. इंजिनाचे भाग ते असेच निवडायचे. वर्गात किती मुलं, शिष्यवृत्ती, ग्रंथालय, हे मी सांगितलं. खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: 'सुट्टीत मागे राहिलेल्या मुलाला कोणी घरी जेवायला बोलावतं का?' वजन पाच. रँकिंगला त्यांनी एक दिला होता.

बाबा तक्ता बघून उखडलेच. "अहो, रँकिंगला एक आणि जेवणाला पाच? ही काय खानावळ शोधतोय आपण?"

"रँकिंग रविवारी दुपारी तुमच्याशी बोलत नाही हो," काका शांतपणे म्हणाले. मला तेव्हा हसू आलं होतं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

बरं, एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले? त्यांनी सहाही कॉलेजांना ईमेल धाडून तोच प्रश्न विचारला. चौघांनी माहितीपत्रकं पाठवली, एकाने काहीच नाही. सहाव्या कॉलेजच्या ऑफिसातल्या एका बाईंनी मात्र पानभर उत्तर लिहिलं. दर सुट्टीत त्यांच्याकडे दोन-तीन मुलं जेवायला असतात, कुत्रा तेवढा चालला पाहिजे, वगैरे. काका तो ईमेल घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. "बघ! इथेच अर्ज कर. माणसं आहेत तिथे."

प्रवेश मिळाला तर तिथेच जाणार, असं आधी बांधून घेऊन एकाच कॉलेजला अर्ज करता यायचा, म्हणजे निवड तिथेच संपायची. मी रँकिंगमधलं सगळ्यात वरचं निवडलं. तेच, ज्याने काहीच उत्तर दिलं नव्हतं. बाबा खूश झाले. काकांनी तक्त्याची घडी घातली आणि म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. तुझं आयुष्य आहे, बेटा."

अमेरिकेत गेल्यावर पहिल्याच नोव्हेंबरात चार दिवसांची सुट्टी आली. कॉलेजची खानावळ बंद झाली आणि वसतिगृहाचा सगळा मजला घरी गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी एका माणसाशीही बोलले नव्हते. आईला फोन केला असता तर ती रडली असती, म्हणून काकांना केला. 'मी सांगत होतो' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "फोन चालू ठेव. जेवलीस का?" तासाभराने त्या ईमेलवाल्या बाईंचा मला फोन. काकांनी त्यांना लिहिलं होतं. मी त्यांच्या कॉलेजची नव्हते, तरी दोन तास गाडी चालवून त्या मला न्यायला आल्या.

जेवताना त्यांनी विचारलं, "आणि तुझ्या काकांना तिकडे कोण बोलावतं जेवायला?"

"आम्ही," मी म्हणाले. धडधडीत खोटं. आई जिन्यात भेटली की म्हणायची, "या हो एकदा जेवायला." ते म्हणायचे, "येतो की." चार वर्षांत वार काही ठरला नाही.

दुसऱ्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं, या रविवारी काकांना बोलाव, वेळ सांगून बोलाव. आई म्हणाली, "अगं, काँट्रॅक्ट संपलं त्यांचं. सामान बांधतायत. आता कशाला गडबडीत त्रास द्यायचा?" मी आईवर खूप ओरडले. ओरडताना मला पक्कं माहीत होतं, की त्यांच्या बंद दारावरून रोज वर जेवायला मीही जात होते, आणि बेल दाबायला मला कोणीच अडवलं नव्हतं.