वडिलांवर चौकोन

नव्वदच्या दशकात आमच्या नेरूळच्या सोसायटीत एक पेंटर दर रविवारी आठवी-नववीच्या मुलांना चेहरे काढायला शिकवायचा. एरवी तो कळंबोलीत ट्रक रंगवी. त्याचं नाव कुणीच विचारलं नाही. बोलताना तो एक डोळा मिटायचा, जणू समोरच्याचं माप घेतोय.

एकदा मी वर्गात डोकावलो. माझ्या मुलीने चित्रासाठी घरून नेलेल्या, माझ्या वडिलांच्या एकुलत्या एका फोटोवर त्याने बॉलपेनने चौकोन आखले होते. माझे सज्जन वडील चक्क गजाआड.

“अहो, हे काय केलंत? दुसरा फोटो नाही आमच्याकडे.”

“अख्खा चेहरा बघून पोरं घाबरतात, साहेब. एकेक चौकोन दिला की हात चालतो.” मग डोळा मिटून म्हणाला, “स्टुडिओवाल्याने गोरं केलंय यांना. खरा रंग बोला.”

“मिठागरात होते,” मी कसाबसा म्हणालो. “काळेभोर.”

“मग तसं सांगा ना.” त्याने मुलीच्या तपकिरी रंगात निळा मिसळला.

संध्याकाळी मुलीने ते चित्र आजीसमोर धरलं. त्या गोऱ्या फोटोला आई वर्षानुवर्षं निवांत हार घालत आली होती. हा काळा चेहरा दिसताच ती दचकून उठली आणि तिने डोक्यावर पदर घेतला.