सहा मिनिटांची चाल

फिनाईलचा वास आला की अकोल्याच्या दवाखान्यातला तो व्हरांडा आठवतो. त्या वर्षी बाबांचं डायलिसिस सुरू होतं आणि त्या दिवशी सहा मिनिटांत ते किती चालतात हे मोजायचं होतं. नर्स घड्याळ धरून उभी, आणि बाबा दर फेरीला बाकाजवळ थांबून विचारणार, “कोन्या गावच्या जी तुमी? पऱ्हाटी कशी हाय, कापूस फुटला काय?” माझं डोकंच फिरलं. “बाबा, सोयरीक जुळवाले आले काय इथं? चाला ना!” मी खेकसलो. बाकावरची म्हातारी म्हणाली, “कावून वरडून राहिला बापू? तिसऱ्यांदा मलेच गाव पुसलं त्याईनं. दम खाऊन राहिले ते.” परवा बडनेरा स्टेशनच्या पुलावर माझी मुलगी माझ्यावर अशीच खेकसली, मी मधल्या पायरीवर थांबून एका अनोळखी माणसाला त्याचं गाव विचारत होतो.