पंधरा किलोंची वाट

एप्रिलच्या एका रविवारी, सकाळी साडेसहाला आम्ही चौघे मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी उभे होतो. मे महिन्यात हिमालयातल्या एका खिंडीवर जाणाऱ्या तुकडीत सहा जागा होत्या. पाच भरल्या होत्या. सहावीसाठी दोन उमेदवार होते : मी आणि सदानंद.

तुकडीचे प्रमुख परांजपे सर निवृत्त बँक कर्मचारी होते. त्यांनी रद्दीवाल्याकडून स्प्रिंगचा काटा मागून आणला होता. निघताना प्रत्येकाची सॅक पंधरा किलो आणि डोंगर ओलांडून बोरिवलीला पोचल्यावरही पंधरा किलो, असा त्यांचा नियम होता. वजनासाठी भरलेले दगड वाटेत टाकून देणारे त्यांनी बरेच पाहिले होते. वजन दोघांचंही भरलं तर आधी पोचेल त्याला जागा.

माझ्या सॅकमध्ये वर्तमानपत्रांचे जुने अंक होते. मी उपसंपादक, घरात दुसरं जड काही नव्हतं. सदानंदच्या सॅकमध्ये पाण्याचे तीन कॅन होते.

"पाणी कशाला रे?" मी विचारलं.

"वजन ता वजन," तो म्हणाला. "तुझे पेपर कोण पिणार?"

चौथी वीणा हसली. ती शाळेत शिक्षिका होती आणि तिची जागा पक्की होती. मला तो विनोद हसण्याइतका वाटला नाही.

पहिल्या चढावरच फरक दिसला. सदानंद घाटकोपरच्या एका कारखान्यात फिटर. दोन महिने मी आमच्या इमारतीचे चार मजले रोज वीसदा चढलो होतो. त्याने काहीही केलं नव्हतं. तरी तो शिट्टी वाजवत पुढे जात होता, आणि मी त्याच्या टाचा पाहत मागून. माथ्यावर तो करवंदं खात बसला होता. "दमलंस काय रे?" त्याने मालवणीत विचारलं. मी नाही म्हणालो.

तुळशी तलावाच्या वरच्या अंगाला जेवलो. माझी पोळी-भाजी कोणी मागितली नाही. सदानंदच्या आईने तांदळाची भाकरी आणि सुकटीची (सुकवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी दिली होती. सरांनी दोनदा घेतली. वीणाने कृती विचारून घेतली.

उतारावर माझ्या पायाची बोटं बुटात पुढे घुसू लागली. सदानंद थांबला, खाली बसला आणि न विचारता माझ्या बुटाची नाडी सोडून घोट्याजवळ घट्ट बांधली. "उतरताना अशी बांधायची. नखं जातील नाहीतर." बोटं लगेच मोकळी झाली. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती आणि त्याला ठाऊक होती, हे दुखण्यापेक्षा जास्त लागलं.

कान्हेरीच्या लेण्यांपाशी पोचेपर्यंत सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. वीणाच्या पोटरीत गोळे आले. ती पायरीवर बसली. सदानंदने सॅक उतरवली, एक कॅन उघडला.

"अरे, वजन!" ती म्हणाली.

"पी गं. वजन कुठं पळून जातंय?"

ती प्यायली, सर प्यायले. दोन पेले मी प्यायलो. राहिलेलं पाणी त्याने तिच्या पोटरीवर ओतलं.

बोरिवलीच्या फाटकापाशी तो माझ्या पंचवीस मिनिटं आधी पोचला. सरांनी काटा झाडाच्या फांदीला अडकवला. माझी सॅक पंधरा. सदानंदची अकरा.

"सर, ते पाणी आम्हीच प्यायलो," वीणा म्हणाली.

सरांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुझं काय म्हणणं? तू सांगशील तसं."

त्या पाण्यातले दोन पेले माझ्याही पोटात होते. "नियम सगळ्यांना सारखाच," मी म्हणालो.

सदानंदच आधी हसला. "बरोबर आहे त्याचं. वाट लागली ना माझी!" त्याने फाटकाबाहेरच्या गाडीवरून चौघांसाठी उसाचा रस मागवला. मी तोही प्यायलो.

मे महिन्यात मी खिंड ओलांडली. उतरताना नाडी घोट्याजवळ घट्ट बांधली. दहाही नखं शाबूत राहिली.

जूनच्या सुरुवातीला परतलो, त्याच संध्याकाळी सदानंद घरी आला. "सांग रे सगळं. एकदम पहिल्यापासून." मी उंची सांगितली, थंडी सांगितली, बर्फाचा उतार सांगितला. तपशिलात चूक केली नाही. तो पुढे सरकून ऐकत होता, मध्येच मांडीवर थाप मारून "झकास!" म्हणत होता. पाण्याचा विषय त्याने काढला नाही. माझी वही मागून घेऊन त्याने त्यात वाटेचा नकाशा काढला आणि खिंड बरोबर आहे ना, म्हणून विचारलं. बरोबर होती.

खिंड मी पाहिली होती, त्याने नव्हती. तरी तिथे उभं राहिल्यावर माझा चेहरा आत्ताच्या त्याच्या चेहऱ्यासारखा उजळला होता का, ते मला आठवेना. त्या संध्याकाळीही मला त्याचाच हेवा वाटत होता.