प्लंबर म्हणजे शिसेवाला

प्लंबरचं डोकं एरवी बरं चालायचं. त्या दिवशी लेकीने ते पार बंद पाडलं. कॉलेजात शिकणारी ती पोर चहा पिता पिता म्हणाली, "बाबा, प्लंबर हा शब्द शिशावरून आलाय. लॅटिनमध्ये शिशाला प्लंबम म्हणतात. पूर्वी नळ शिशाचेच असायचे."

"मी तर जन्मभर प्लॅस्टिक जोडतोय. मग मी कोण?" असं म्हणून तो हसला, आणि हसता हसता थांबला.

शिसं हाताळलं होतं त्याच्या वडिलांनी. तेही प्लंबरच. जुन्या पाइपांच्या सांध्यांतून निघालेलं शिसं ते घरच्या शेगडीवर वितळवून त्याच्या वड्या पाडायचे, तेही दारं-खिडक्या लावून, कारण वाऱ्याने आच कमी होते हे त्यांचं शास्त्र! तसेच हात न धुता जेवायला बसायचे. पोटात कळा, हाताला कंप आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मार तर पोराच्या पाचवीलाच पुजलेला. म्हणून वडील अंथरुणाला खिळले तेव्हा हा भेटायला गेला नाही, आणि ते तसेच गेले.

लेकीने मोबाइलवर पुढचं वाचून दाखवलं: शिसं अंगात भिनलं की पोट दुखतं, हात थरथरतात, माणूस चिडचिडा होतो.

आता आली का पंचाईत! वडिलांना माफ करावं, तर न गेलेल्या स्वतःला कसं माफ करायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्या दुपारी या नावाजलेल्या कारागिराने एका घरी गरम पाण्याचा पाइप चक्क फ्लशच्या टाकीला जोडला.

संध्याकाळी तो आईकडे गेला. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"आई, बाबा पहिल्यापासून असेच होते का गं?"

"छे रे! लग्नानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलायलाही लाजायचे. पुढे हे काम धरलं आणि हळूहळू स्वभावच पालटला."

मग त्याने शिशाचं सगळं सांगितलं. आई एकाच सदऱ्याची पुन्हा पुन्हा घडी घालत राहिली.

"म्हणजे त्या शिशामुळे?"

"असेल. आता नक्की कोण सांगणार?"

"अरे, पण सगळे म्हणायचे माझा पायगुण वाईट," आई म्हणाली. "आणि मी ते जन्मभर खरं मानलं रे."