लातूरच्या चौकातली आमची पल्लवी

माझी मुलगी पल्लवी लातुरात एक दिवसही शिकलेली नाही, ही बातमी लातूरला सर्वांत शेवटी कळली.

ती कंधारला घरीच अभ्यास करून मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत घसघशीत मार्क घेऊन बसली. आमच्याकडे हे जरा अघटितच. दहावीचा निकाल लागला की इथली पोरं गादी, बादली अन् पेटी घेऊन लातूरच्या क्लासला रवाना होतात. आमची पोरगी कुठेही न जाता पास झाली, म्हणजे बापाला मिरवायला दुप्पट जागा! मी तिचा निकाल, तिचा फोटो आणि खाली तिचाच मोबाईल नंबर असं सगळं व्हॉट्सॲपवर टाकलं. स्टेटसला टाकलं, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, ज्या ग्रुपवर फक्त सोयाबीनचे भाव येतात तिथेही टाकलं. वर लिहिलं, 'अभिनंदनासाठी थेट कन्येशी संपर्क साधावा.' (मी हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवतो, हेही इथेच सांगून टाकतो.)

संध्याकाळपासून फोन सुरू झाले. एकाला तिला होस्टेल द्यायचं होतं, दुसऱ्याला परदेशात पाठवायचं होतं. एका वधूवर सूचक मंडळाने तर विचारलं, "मुलगी डॉक्टर होणार, तर मुलगा आत्तापासूनच राखून ठेवायचा का?"

"पप्पा, माझा नंबर कुणाकुणाला दिला?" पल्लवीने विचारलं.

"आपल्याच माणसांना."

"एवढी माणसं हायत आपली?"

"बंद करून ठेव की नंबर."

"कसा बंद करू? ॲडमिशनचे मेसेज ह्याच नंबरवर येणार हायत. ह्या गर्दीत एक जरी हुकला तर सीट गेली!"

पोरीने दोन वर्षं मान मोडून अभ्यास केला आणि बापाच्या हौसेपायी सीट जायची वेळ आली.

तीन-चार दिवस झाले तरी फोन थांबेनात. तेवढ्यात शेजारच्या शकुंतलावहिनी लातूरहून पेढे घेऊन आल्या. पेढे आमच्याच हातावर ठेवून म्हणाल्या, "सर, पल्लवी लई छुपी निघाली बघा! आम्हाला सांगितलं घरी अभ्यास करून राहिली, अन् तिकडं गुपचूप क्लास लावला. चौकात केवढा फोटो लागलाय! तिचं तोंड बघूनच मी आमच्या पोराचं नाव तिथं घातलं."

वहिनींनी मोबाईलवर फोटो दाखवला. दुमजली फ्लेक्स, त्यावर हसरी पल्लवी, वर 'आमच्या क्लासची शान' आणि खाली तिचा नंबर. 'शंका असल्यास हिलाच विचारा!' माझं स्टेटस क्लासवाल्यांनी जसंच्या तसं उचललं होतं. लोक शंका विचारत होते, म्हणूनच फोन थांबत नव्हता.

पल्लवी रडकुंडीला आली. "फोटो माझा, मार्क माझे, नंबर माझा. मला विचारलं का कुणी? अन् काकूंनी माझ्याकडं बघून पोराला तिथं घातलं. उद्या तो नापास झाला तर मी काय सांगू?"

"रडू नकोस," मी गरजलो. "उद्याच लातूरला जातो. फ्लेक्स उतरवल्याशिवाय तिथला चहासुद्धा घेणार नाही!"

एसटीत मी भाषण पाठ केलं. त्यात ग्राहकाचे हक्क होते, फसवी जाहिरात होती, शेवटी पोलीसही होते. क्लासमध्ये पाऊल टाकलं, ओळख सांगितली, तर संचालक धावत आले आणि चक्क माझ्या पाया पडले. "गुरुजी, तुम्ही स्वतः आलात!" मागे पालकांनी भरलेला हॉल. मी "ते फ्लेक्सचं..." एवढं म्हणेपर्यंत अंगावर शाल पडली, हातात नारळ आला आणि कुणीतरी मागून फेटा गुंडाळायला लागलं. अंगावर शाल, हातात नारळ आणि डोक्याला अर्धवट फेटा असलेल्या माणसाला आमच्या मराठवाड्यात भांडता येत नाही. मान हलवली तरी फेटा बिघडतो!

मग माईक आला. "दोन शब्द बोला, सर." भाषणाची सुरुवात आभाराने करायची, ही आम्हा मास्तरांची सवय. म्हणालो, "सर्वप्रथम मी या संस्थेचा अत्यंत ऋणी आहे." टाळ्या! टाळ्या पडल्यावर कोणता मास्तर मुद्द्यावर येतो? मी आणखी ऋणी झालो. शेवटी संचालकांनी विचारलं, "सर, तुमचे हे शब्द अन् फोटो आम्ही सगळीकडं लावले तर चालेल ना?"

"अवश्य!" मी म्हणालो. पुन्हा टाळ्या पडल्या, म्हणून पुन्हा म्हणालो. मग चहा आला. घेतला.

घरी आल्यावर सौभाग्यवतीने नारळ हातात घेत विचारलं, "उतरवला का फ्लेक्स?"

"तसा विषय निघाला नाही."

विषय निघाला नव्हता हे पल्लवीला आधीच ठाऊक होतं, कारण माझ्या सत्काराचा व्हिडिओ तिच्याच फोनवर येऊन पडला होता. तिने तो माझ्यासमोर लावून ठेवला. त्याची मला जेवढी लाज वाटली, तेवढी ती ओरडली असती तरी वाटली नसती.

दुसऱ्या दिवशी ती आईला आणि शकुंतलावहिनींना घेऊन लातूरला गेली. क्लासचा हॉल त्या दिवशीही पालकांनी भरलेला. शाल पुढे आली तशी ती मागे सरकली. म्हणाली, "शाल नको. फ्लेक्स उतरवा अन् काकूंची फी परत द्या. न्हाईतर मी इथं कधीच शिकले न्हाई, हे ह्या सगळ्या पालकांसमोर आत्ताच सांगते. माईक आहेच." संध्याकाळच्या आत फ्लेक्स खाली आला, फीही मिळाली. फोन हळूहळू थंडावले आणि ॲडमिशनचा मेसेज तिला वेळेवर दिसला. मला एवढा आनंद झाला की स्टेटस टाकायला मोबाईल काढला होता. तिने नुसतं बघितलं. मी ठेवून दिला.

आठवडाभराने त्याच चौकात, त्याच सांगाड्यावर नवा फ्लेक्स लागला. फेटा, शाल, नारळ आणि माईकसमोर वासलेलं तोंड! 'कृतार्थ पालक बोलतात.' तो पालक मी.

"पल्लवी," मी अजिजीने म्हणालो, "हाही उतरवून दे की!"

"तो कसा उतरणार, पप्पा? मला त्यांनी विचारलंच नव्हतं. तुम्हाला माईकवर विचारलं, अन् तुम्ही दोनदा 'अवश्य' म्हणलात."

मी खात्री करायला व्हिडिओ पुन्हा लावला. तीनदा म्हणालो होतो.